पिल्लाचं बारसं

दवाखान्याची गाडी अंगणात येऊन थांबली, तेव्हा रुखमाबाईनं आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या खेपेला अशीच गाडी आली होती आणि ड्रायव्हर खाली मान घालून बसून राहिला होता. दार उघडायच्या आधीच तिला सगळं कळून चुकलं होतं. हा ड्रायव्हर मात्र गालात तंबाखूचा खर्रा धरून मागच्या माणसाला काहीतरी सांगत हसत होता. रुखमाबाईच्या हातातला तांब्या डुचमळला आणि पाणी तिच्याच पायावर सांडलं.

"उतर वं माय, उतर. हळू," ती म्हणाली.

ललिता उतरली. दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं बाळ तिनं छातीशी असं धरलं होतं, की आत काही आहे की नाही ते दिसू नये. तिच्यामागून रुखमाबाईचा लेक सुनिल, दोन्ही हातांत पिशव्या, दाढी वाढलेली. रुखमाबाईनं भाकरीचा तुकडा मायलेकरांवरून ओवाळून लांब फेकला, पायावर पाणी घातलं. तिचा नवरा सुकलू पाळण्यासाठी दोरी वळत बसला होता, तो तसाच उठून आला, दोरी हातात लोंबत.

"कसा हाये?"

"आता सोता ओढून पेते, बाबा," सुनिल म्हणाला. "काल डॉक्टरीनबाईच म्हने, याले घरी घेऊन जा, हा आता इथी गडबड करून राह्यला."

सुकलूनं मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली. मग त्याला पुढे काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सुनिलच्या हातातल्या पिशव्या घेतल्या.

सुनिलची बहीण उर्वशी सकाळीच वडशाहून आली होती. तिकडे नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. तिचा नवरा कंपन्यांना दिवे पुरवायचा, ती नटांचे कपडे शिवायची. तरी मशीन झाकून ती आली होती. भाच्यासाठी तिनं झबलं शिवून आणलं होतं, राजाच्या अंगरख्यातून उरलेल्या जांभळ्या मखमलीचं, काठाला सोनेरी लेस. ते दोन्ही हातांवर पसरून ती पुढे झाली, आणि तेवढ्यात ललिताच्या पायांत काहीतरी लालसर, गुबगुबीत घुटमळलं.

"शौर्या!" घरातून ललिताची थोरली दिव्या ओरडत आली. "ए शौर्या, मांगं हो! बाळ हाये तिथी! शौर्या!"

पिल्लू वळलं. कान मागे पाडून, पाय एकमेकांत अडकवत दिव्याकडे धावलं.

झबलं उर्वशीच्या हातावरच राहिलं. शौर्य. ललिताला पाचवा लागला होता तेव्हा उर्वशीनं हे नाव ठरवलं होतं. मुलगा झाला तर शौर्य. घरातल्या सगळ्यांना फोन करून करून सांगितलं होतं.

"हे नाव कुत्र्याले कोनं ठेवलं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण दिव्या जिथल्या तिथे उभी राहिली आणि आजीकडे पाहू लागली.

"मी ठेवलं," रुखमाबाई म्हणाली. "आधी सुनेले आत जाऊ दे. उन्हात उभी हाये लेकरू घेऊन."

*

छपरीत खाटेवर ललिताला बसवलं. बाळ झोपलेलं होतं. एवढंसं तोंड, कपाळावर आठी, जणू कुणी अर्ध्या बोलण्यात थांबवलंय. सगळ्यांनी वाकून पाहिलं, नाक कुणाचं, कान कुणाचे यावर थोडं बोलणं झालं, पण त्या बोलण्यात जीव नव्हता. उर्वशी खांबाला टेकून उभी होती. झबलं तिनं घडी करून परत पिशवीत ठेवलं होतं.

सुनिलला आंघोळ करायची होती. दवाखान्याच्या फरशीवर झोपून त्याची पाठ ताठली होती, अंगाला फिनाईलचा वास येत होता. घरी जाऊ, गरम पाणी घेऊ, एवढंच त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण बहिणीचं तोंड पाहून त्याला राहवलं नाही.

"माय, तुले दुसरं एकबी नाव नाई भेटलं? मोती ठेवाचं, काळू ठेवाचं. हेच काऊन?"

"हेच पाह्यजे होतं."

"काऊन पन?"

रुखमाबाई बाळाकडे पाहत बोलली. "तुवा फोन केल्ता ना, का डॉक्टर म्हनते लय आशा धरू नका म्हून. त्या दिवशी ठेवलं. पिल्लू तुह्या बापानं पोंभुर्ण्याहून आनलंच होतं, पोट्टीचा जीव रमाले. त्याले मांडीवर घेतलं अन् कानात सांगितलं. येनारा नाव घेऊन येते, सुनिल. त्याले म्हटलं, तुले शौर्य पाह्यजे? हा घे. इथी अंगनातच खेळून राह्यला. चंद्रपूरले दवाखान्यात जाचं काम नाई."

बाहेर कोंबड्या धानाच्या भुशात उकरत होत्या.

"म्हंजे मी ठेवलेलं नाव तू मरनाले देऊन टाकलं," उर्वशी म्हणाली.

"असं नाई, माय."

"असंच हाये. सरळ सांग ना. पृथ्वीचं नावबी मीच ठेवलं होतं. पेंडॉल टाकला, लाऊडस्पीकर लावला, साऱ्या गावाले आयकू गेलं. अन् महिनाभरात तो गेला. तुह्या मनात तेच हाये. माह्या तोंडानं नाव निंगलं का लेकरू जाते."

पृथ्वी. ललिताच्या त्या बाळाचं नाव दोन वर्षांत या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सुकलूचा दोरी वळणारा हात थांबला. ललितानं डोळे मिटले आणि उघडले.

"मी कवा म्हटलं तुले असं?" रुखमाबाईचा आवाज बारीक झाला. "एक डाव तरी म्हटलं का?"

"म्हटलं नाई. पन मी आली का तू लेकरायच्या गोष्टीच करत नाई. ललिताले दिवस गेले, तं मले शेजारच्याकडून समजलं. तेच म्हननं झालं, माय."

"बाई बरोबर बोलून राह्यली," सुनिल म्हणाला. तो आता पुरता बहिणीच्या बाजूनं वळला होता. "आमी तिथी लेकरासाठी झुरून राह्यलो, अन् इथी त्याचं नाव कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. अन् कोनं आमाले सांगितलंबी नाई." त्यानं बायकोकडे पाहिलं. "तू बोल ना. तुह्या लेकराचं नाव हाये."

"मले माहीत होतं," ललिता म्हणाली.

सगळेच तिच्याकडे पाहू लागले.

ललिता मुळात कमी बोलणारी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूला वाटलं होतं, सून मुकी आहे की काय. दवाखान्यातही तिनं कुणाशी फारसं बोलणं केलं नव्हतं. बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं, पेटीवर 'ललिताचं बाळ' अशी पट्टी चिकटवलेली. सिस्टर एकदा म्हणाली होती, नाव ठेवलं का हो, पट्टीवर लिहून टाकू. ललितानं नुसती मान हलवली होती. ठरलेलं नाव तिच्या ओठांवर येत होतं आणि ती ते गिळत होती.

आणि रोज दुपारी दिव्याचा फोन यायचा.

"दिव्या फोनवर सांगाची," ललिता सावकाश बोलू लागली. "शौर्यनं आज अख्खी वाटी दूध पेलं. शौर्यचे डोळे आता चांगले उघडले. शौर्य माह्या मांडीवर निजला, उठतच नाई. पयल्यांदा आयकलं तं मले असं वाटलं का कोनं थापड मारली. मंग समजलं का पिल्लाचं सांगून राह्यली." ती थांबली. "आपल्याच्या तोंडात तवा नळीनं थेंब थेंब दूध टाकत होते, बाई. तेबी पचत नव्हतं. मी जिन्याखाली उभी राहून फोन कानाले लावाची अन् आयकाची. तेवढ्या येळेपुरतं वाटे का आपल्यानंच पेलं. आपलाच पोटभर पिऊन निजला. मंग मी तो जिना पुना चढू शकत होती."

सुनिल तिच्याकडे बघत राहिला. त्याच जिन्यावर तोही बसलेला असायचा, दोन पायऱ्या वर. त्याला वाटायचं, ही पोरीशी बोलते आहे.

"मले राग नाई आईचा," ललिता म्हणाली. "अन् बाई, तुमचाबी नाई. पृथ्वीले ताप आल्ता. डोक्यात गेल्ता ताप. तुमच्या नावानं नाई गेला तो. मले तुमाले हे तवाच सांगाचं होतं. पन तुमी आल्या का आतूनच रडू ये, अन् सांगनं राहून जाये."

उर्वशी खाली बसली. खांबाला पाठ टेकवून, भुईवर, वडशाची चांगली साडी नेसून. पदर तोंडाशी धरला. रुखमाबाई उठून तिच्याजवळ गेली, पण हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी तीही बाजूला बसली. मायलेकी एकाच खांबाला टेकून बसल्या.

"मी भेली होती," रुखमाबाई म्हणाली. "दुसरं काई नाई. मले काईतरी करा लागत होतं अन् माह्या हातात पिल्लूच होतं."

सुकलूनं इकडेतिकडे पाहिलं. "पोट्टी कुठी गेली?"

*

दिव्याला मोठ्यांचं सगळंच काही कळलं नव्हतं. पृथ्वी तिला अंधुक आठवत होता, गुलाबी टोपी आणि तेलाचा वास. पण "हा घे" हे तिला नीट कळलं होतं. आजीनं पिल्लाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा ती तिथेच होती आणि खूश होऊन तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. तिला वाटलं, आजीनं पिल्लाला बाळाचा भाऊ केला. ते कुणाला तरी देऊन टाकण्यासाठी केलं होतं, हे आज समजलं.

तिनं पिल्लाला उचललं आणि ती मागच्या दारानं निघून गेली.

छपरीतली माणसं एकदम उठली. ऊन कलायला लागलं होतं. परसाच्या पलीकडे एक बांध आणि त्याच्यापुढे लगेच रान. गेल्याच आठवड्यात बिबट्यानं पाटलाच्या गोठ्यातून बकरी उचलली होती. सुनिल काठी घेऊन बांधाकडे पळाला, सुकलू रस्त्याकडे गेला. रुखमाबाई अंगणातून हाका मारत होती, "दिव्या! अवं दिव्या!" आणि तिचा घसा फुटत होता. ललिता बाळाला घेऊन दारापर्यंत आली नि तिथेच उभी राहिली.

दिव्या सापडली उर्वशीला. धानाच्या तणसाच्या ढिगामागे, जिथे लहानपणी उर्वशी स्वतः रुसून बसायची. पिल्लाला तिनं फ्रॉकमध्ये गुंडाळलं होतं, फक्त नाक बाहेर.

उर्वशीनं मागे वळून "भेटली वं!" अशी आरोळी ठोकली आणि मग ती तणसावर टेकली. धापा टाकत पदरानं तोंड पुसू लागली.

"आत्या," दिव्याच म्हणाली, "तू याले वडशाले घेऊन जाशीन?"

"काऊन?"

"तिथी त्याले पत्ता नाई भेटनार."

"कोनाले?"

"येनाऱ्याले. आजी म्हने ना, येनारा येते म्हून."

उर्वशीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं पिल्लाच्या नाकावर बोट ठेवलं. ते बोट चाटू लागलं.

"कोनी येत नाई, बेटा. बाळ बरं झालं. आता कोनी येत नाई."

"मंग याचं नाव बदलव. बाळाचं बाळाले दे. याले दुसरं दे." दिव्यानं नाक पुसलं. "तुलेच मान हाये ना नाव ठेवाचा? आजीच म्हनते, आत्याचा मान."

"माह्या नावाचं भेव नाई वाटत तुले?"

"काऊन?"

उर्वशी पिल्लाचा कान चोळू लागली. मुलीनं जरा विचार केला.

"माहं नाव कोनं ठेवलं?"

"मीनंच."

"मंग? मी तं हाये ना."

उर्वशी तिच्याकडे पाहत राहिली. केसांत तणसाच्या काड्या, खरचटलेला गुडघा, समोरचा एक दात पडलेला. हो, हे नावही तिनंच ठेवलं होतं, याच घरात. हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही.

"हायेस," ती म्हणाली. "चांगली धडधाकट हायेस. चाल."

*

घराच्या दारात रुखमाबाईनं नातीला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. दिव्या तिच्या मिठीतून मागे सरली. पिल्लू अजून फ्रॉकमध्येच होतं.

"आधी याचं नाव बदलव. मंग मी आत येतो."

"अवं, बाळाच्या आधी कुत्र्याचं बारसं?"

"होऊ दे," सुकलू म्हणाला. दिव्या सापडल्यापासून तो पहिल्यांदाच काही बोलत होता. "नाव एक अन् धनी दोन. आधी याच्याकडून मोकळं करा लागंन, तवा ना त्याले भेटंन."

मग सगळे अंगणातच बसले. ललिताची खाट बाहेर काढली. उतरतं ऊन धानाच्या रचलेल्या पुंजन्यांवर पडलं होतं. सुनिलला आंघोळीचं पुन्हा आठवलं, पण आता तोही बसला.

"टायगर ठेवा," तो म्हणाला.

"रानाच्या काठाले राहून त्याचं नाव घेते हा!" रुखमाबाई उसळली. "तो येईन ना पाहाले, माह्या नावाचा कोन हाये म्हून."

"राजा," उर्वशी म्हणाली.

"हा कोंबडीले भेते, आत्या."

"आमच्या नाटकातले राजेबी भेतेत."

सुनिल हसला. कितीतरी दिवसांनी हसला असावा, कारण हसताना त्याला खोकलाच आला.

"नय म्हना त्याले," सुकलू म्हणाला. "गोंडीत कुत्रा म्हंजे नय. माह्या बापानं सात कुत्रे पोसले, साऱ्यायले नय म्हने. एकबी हाकेले चुकला नाई."

"आबा, तुमाले कोनी मानूस म्हनते का? ए मानूस, जेवाले ये?"

"तुही आजी म्हनते."

यावर ललितासुद्धा हसली. बाळ हललं, तिनं थोपटलं. मग दिव्या आजीकडे वळली. तिचं तोंड अजून घट्टच होतं.

"आजी, तू ठेव. पन चांगलं ठेव. कोनाले देन्यासाठी नाई."

रुखमाबाईच्या लक्षात आलं की पोरीनं तिला सोडलेलं नाही. तिनं पिल्लाला मांडीवर घेतलं. इतके दिवस तिनंच त्याला दूध घातलं होतं, थंडीत पोत्याखाली झाकलं होतं. आणि प्रत्येक सकाळी पोतं उचलताना तिच्या मनात यायचं, की आज हे थंड लागेल, आणि तसं झालं तर आपल्याला बरं वाटेल की वाईट. ते कधीच थंड लागलं नाही. रोज आपलं उबदार, रोज तिच्या बोटांना दात लावायचं. तिनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. दोन डोळ्यांच्या मधोमध कपाळावर काळा ठिपका होता.

"बिबा," ती म्हणाली.

"बिबा म्हंजे?"

"तुह्या आबानं रानातून आनले नाई का, काळे काळे? लेकराच्या पाळन्याले काळ्या दोऱ्यात बांधतेत. दीठ लागू नोये म्हून."

"मंग त्याले काय होते?"

"त्याले काय होते? काईच नाई. तो मरत नाई, कोनी त्याले नेत नाई. लटकून राह्यते अन् लेकरावर ध्यान ठेवते." रुखमाबाईनं नातीच्या डोळ्यांत पाहिलं. "याचंबी काम तेवढंच. पाळन्याखाली बसाचं अन् राखाचं."

दिव्यानं ते आपल्या मनाशी तपासून पाहिलं. "अन् दूध प्याचं."

"अन् दूध प्याचं."

"चालते," दिव्या म्हणाली आणि आजीला टेकून बसली.

मान आत्याचा. उर्वशीनं पिल्लाला उचललं, कानाशी तोंड नेलं आणि तीनदा म्हटलं, बिबा, बिबा, बिबा. पिल्लानं कान झटकला. सुकलूनं गुळाचा खडा आणून सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला.

"आता त्याचं," ललिता म्हणाली.

उर्वशी दचकली. "आज? बारसं करू ना मंग. चांगला दिवस पाहून."

"आजच चांगला हाये, बाई. पेंडॉल नोको, काई नोको. घरचेच हावो आपुन." ललितानं बाळ पुढे केलं.

उर्वशीनं आईकडे पाहिलं. रुखमाबाई उठली, पिशवीतून मखमलीचं झबलं काढून आणलं आणि लेकीच्या हातात दिलं. "घाल त्याले. अन् मोठ्यानं म्हन. साऱ्यायले आयकू जाऊ दे."

झबलं बाळाला फार मोठं झालं, हात बाह्यांत हरवले. उर्वशीनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं. वजन असं नव्हतंच, पण ऊब होती.

"शौर्य," ती म्हणाली. "शौर्य. शौर्य."

दिव्याच्या पायाशी बसलेलं पिल्लू ताडकन उठलं, शेपूट हलवत उर्वशीकडे धावलं आणि तिच्या साडीवर दोन्ही पाय टेकवून उभं राहिलं.

रुखमाबाईचा हात छातीवर गेला. क्षणभर सगळे तिच्याकडेच बघत होते. मग तिच्या तोंडून हसू फुटलं. आधी फुसकन्, मग मोठ्यानं, पदर तोंडाशी न धरता. "तुले नाई रे, मुडद्या! त्याले! तू बिबा!" पिल्लाला काहीच पटलं नाही. त्या गलक्यानं बाळ जागं झालं आणि रडू लागलं. दवाखान्यातलं मांजरीसारखं बारीक रडणं नव्हतं ते. शेजारच्या घरातून कुणीतरी "आले का गा?" म्हणून विचारलं, तेवढं मोठं होतं.

"आले, आले!" सुकलूनं कुडावरून ओरडून सांगितलं.

ललितानं बाळ परत घेतलं, पदराखाली धरलं. रडणं थांबलं. थोड्या वेळानं तिनं सासूला हाक मारली.

"आई, भात हाये का? मले लय भूक लागली."

रुखमाबाई उठली. सुनिल म्हणाला, त्याच चुलीवर आधी पाणी ठेव, मी दवाखान्यासारखा वास मारून राह्यलो. त्यावर उर्वशी म्हणाली, दोन चुली हायेत, भांडू नोका. आणि पदर खोचून ती आईच्या मागोमाग आत गेली.